‘बेटा’ आधी ऐकला, मग अण्णांना घेऊन गेले

माझ्या वडिलांनी ३५ वर्षं वरातीत ट्रम्पेट वाजवला. मिरज, सांगली, जयसिंगपूर, पलीकडे कागवाड-अथणीपर्यंत. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन सुपाऱ्या असायच्या. लोकांच्या लग्नाच्या फोटोंत अण्णा शेकडो ठिकाणी असतील, पण कडेला: लाल कोटाची एक बाही, पितळी भोंग्याचं टोक, फार तर फेट्याचा तुरा. चेहरा दिसतोय असा एकही फोटो मी पाहिलेला नाही. ‘बेटा’ या अल्बमबद्दल लिहायला बसले आणि सुरुवात वडिलांपासून केली, कारण हा बँड माझ्या मनात शिरला तो ट्रम्पेटच्या वाटेनेच.

बँड म्हणजे दिल्लीची पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी. नाव कंपनीचं असलं तरी माणसं पाच: सूर्यकांत साहनी, कार्तिक सुंदरेशन पिल्लई, ध्रुव भोला, रोहित गुप्ता आणि करण सिंग. साहनी सॅन फ्रान्सिस्कोला सिनेमा शिकायला गेला होता, हे नाव तिथलं. बँड उभा राहिला तो दिल्लीत परतल्यावर. २०११ मध्ये ‘सिनेमा’, २०१९ मध्ये ‘बिस्मिल्लाह’, आणि ९ ऑगस्ट २०२४ ला ‘बेटा’. मधल्या वर्षांतली गाणी पॅरिसच्या पनाश या लेबलने २०१८ मध्ये एकत्र काढली होती. नव्याने ऐकणाऱ्याने त्या संग्रहापासून सुरुवात केली तरी चालेल. मी मात्र ‘बिस्मिल्लाह’पासून केली.

मी पुण्यात एका रुग्णालयात ऑडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर लोकांचे कान तपासायचे, बंद खोलीत बीप ऐकवायचे, आलेख काढायचे. घरी आल्यावर तासभर कुठलाही आवाज नको वाटतो. अशाच एका संध्याकाळी मैत्रिणीने ‘फ्लोटेड बाय’ हे गाणं पाठवलं. त्याच्या व्हिडिओत साहनीच्याच लग्नाची दृश्यं आहेत. नवरा-नवरी, पाहुणे, दिवे, आणि वरून ट्रम्पेटची संथ, थकलेली, तरीही प्रेमळ ओळ. मी सवयीने फ्रेमच्या कोपऱ्यात लाल कोट शोधायला लागले. मग लक्षात आलं की या गाण्यात ट्रम्पेट कोपऱ्यात नाहीच, मधोमध आहे. त्या रात्री ते गाणं मी किती वेळा लावलं, मोजलं नाही.

आता ‘बेटा’.

नाव हिंदीतलं ‘बेटा’ म्हणून वाचा किंवा सॉफ्टवेअरवाल्यांचं ‘बीटा’ म्हणून, दोन्ही लागू पडतं. आपल्या मागे येणाऱ्यांचा विचार करणारी माणसं ही गाणी म्हणतायत, असं मला ऐकताना सतत वाटत राहिलं. ‘बिस्मिल्लाह’मध्ये रात्र होती, पार्टी संपत आल्यावरची. ‘बेटा’मध्ये सकाळ झालीय, घरात लहान मूल आहे आणि कुणाला तरी दूध तापवायचंय. साहनीचा आवाज तसाच खोल, जुन्या नाइट-क्लबातल्या गायकासारखा आळसावलेला. पण आता तो थोडा पुढे झुकून गातो. शब्द इंग्रजी आहेत, त्यामुळे आमच्या घरात हे ‘बाहेरचं’ संगीत ठरायला हवं होतं. तसं ते कधीच वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते मला नीट सांगायचंय.

पहिलं कारण ठेका. हा बँड तीन-तीनच्या झोक्यावर फार वेळ राहतो. पाश्चात्त्य संगीतात त्याला वॉल्ट्झ म्हणतील. माझ्या कानाला तो पहिल्यापासून ओळखीचा होता, पण नाव सांगता येत नव्हतं. ते अण्णांनी सांगितलं, त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरं कारण पितळ. ‘फ्लॉवर्स आर ब्लूमिंग’ने अल्बम उघडतो, आणि दार उघडताच माणसं आत येतात तसे सूर आत येतात. रॉक बँडमध्ये ट्रम्पेट घेतला की तो बहुतेक वेळा सजावटीचा असतो, पंगतीत शेवटी लोणचं वाढावं तसा. इथे तो घरचा माणूस आहे. गायक थांबतो तेव्हा ट्रम्पेट त्याचं वाक्य पुरं करतो. ‘सडनली’ मी हेडफोन लावून रात्री अंधारात ऐकलं. ओळ संपली असं वाटतं आणि ती संपत नाही, पुन्हा वळून येते. ‘पीपल नेव्हर चेंज’ला नाचरा ठेका आहे. आमच्या रुग्णालयातल्या सिस्टर निर्विकार चेहऱ्याने कामं करतात, पण पँट्रीत हे लावलं तेव्हा दोघींचे पाय हलले.

सगळंच सारखं आवडलं असं नाही. अल्बम मध्यावर सैल पडतो. एकाच वेगाची दोन-तीन गाणी पाठोपाठ येतात आणि मन दुसरीकडे जातं. ‘बिस्मिल्लाह’मध्ये ‘मेमरी बॉक्स’ आठ मिनिटांच्या वर चालतं आणि एक क्षणही लांबलेलं वाटत नाही, कारण त्यात डिस्कोचा ठेका धरून ठेवतो. ‘बेटा’च्या मधल्या भागात धरून ठेवणारा असा हात नाही. काही ठिकाणी आवाज वाद्यांच्या इतका आत ठेवलाय की शब्द पकडायला तीनदा ऐकावं लागतं. माझी सूचना एवढीच: फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. त्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, आणि या गाण्यांचं अर्धं घर त्या खालच्या सुरांवर उभं आहे. बरे हेडफोन, कमी आवाज, आणि पहिल्या वेळी क्रम न बदलता.

आता कार्यक्रम.

थंडीत पुण्यात तिकिटं निघाली तेव्हा मी दोन काढली आणि मिरजेला फोन केला. अण्णा ६९ वर्षांचे आहेत. पुढचे दात गेल्यावर ट्रम्पेट सुटला. ट्रम्पेटवाल्याचं सगळं काम ओठ आणि दात यांच्यामध्ये चालतं; कवळीवर तो दाब धरणं फार अवघड. त्यांचा ट्रम्पेट मेरठचा. मेरठच्या जली कोठी भागात देशभरातल्या बँडांची वाद्यं बनतात, १८८५ पासूनची नादिर अलीची कंपनी तिथलीच. अण्णा अजून दर दसऱ्याला तो ब्रासोने पुसतात, पिस्टनना तेल देतात, झेंडू वाहतात आणि पेटीत ठेवून देतात.

“काय गं, इंग्लिश गाणी आणि मी?” ते म्हणाले.

“अण्णा, गाण्याकडे नका बघू. ट्रम्पेट आहे.”

“कितीजण हाईत?”

“दोघंतिघं आलटून पालटून घेतात.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “कोयनेनं येतो.”

एक तयारी मला करायची होती. अण्णांच्या दोन्ही कानांना मशीन आहे. उजवा कान जास्त गेलाय, कारण ३५ वर्षं त्यांच्या उजव्या हाताला साइड ड्रमवाला चालत होता. त्यांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, ४००० हर्ट्झजवळ, वरच्या सुरांत, खड्डा आहे. सततच्या मोठ्या आवाजाने कान गेलेल्या माणसाच्या आलेखावर तो बहुतेक वेळा तिथेच दिसतो. मशीन बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं असतं. त्यात मशीनमधूनच निघणारी शिट्टी दाबायची सोय असते, आणि ट्रम्पेटचा लांब, सरळ सूर मशीनला शिट्टीच वाटते. मग ते त्या सुराशी झटापट करतं आणि सूर थरथरतो. म्हणून मी त्यांच्या मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला: शिट्टी दाबणं कमी, मोठे आवाज चेपणं कमी. नाहीतर अण्णांना ट्रम्पेट थरथरताच ऐकू आला असता. कुणाच्या घरी असं मशीन असेल तर गाण्याला जाण्याआधी आपल्या ऑडिओलॉजिस्टकडे हा प्रोग्रॅम मागा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

जागेचं नाव देत नाही, पण जागेबद्दल सांगायला हवं. दार उघडायला एक तास उशीर झाला आणि लोक रस्त्यावर उभे. आत बसायला एकही खुर्ची नाही. तिकिटावर ‘उभं राहून’ लिहिलं होतं हे मान्य, पण वयस्क माणसासाठी भिंतीकडेला चार खुर्च्या ठेवायला काय हरकत होती? शेवटी तिथे काम करणाऱ्या एका मुलाने केबलची रिकामी पेटी आणून दिली. त्याचे मनापासून आभार. पिण्याचं पाणी फक्त विकत. आणि पहिल्या दोन गाण्यांत बेस इतका फुगलेला की ट्रम्पेट ओठाला लागलेला दिसत होता, पण ऐकू येत नव्हता. अण्णा माझ्याकडे बघत होते. मला रडू यायचं बाकी होतं. तिसऱ्या गाण्याला कुणीतरी साउंडच्या टेबलावर हात फिरवला आणि आकाश मोकळं झालं.

आम्ही साउंडच्या टेबलाजवळ उभे होतो. कार्यक्रमाला जाणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगते. ज्याच्या हातात आवाज आहे तो जिथे उभा राहून ऐकतो, तिथे सगळ्यात चांगलं ऐकू येतं. फोनवरच्या मापाने तिथेही साधारण १०० डेसिबल होते. ८५ डेसिबल कान आठ तास सोसतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला १५ मिनिटं. मी संगीताचे फिल्टर असलेले इअरप्लग घालते. ते सगळे सूर सारखे खाली आणतात. फोमचे साधे बोळे वरचे सूर जास्त खातात आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. तरीही काहीच नसेल तर फोमचे घाला. विशीतली मुलं स्पीकरला पाठ लावून उभी होती. त्यांच्यातली काही मला दहा वर्षांनी कामावर भेटणार, या विचाराने जीव तुटतो.

तिसऱ्या गाण्याला अण्णांचा हात मांडीवर चालायला लागला. मी वाकले.

“धा धी ना, धा तू ना,” ते म्हणाले. “दादराच हाय की हा.”

इतकी वर्षं मला सापडत नसलेलं नाव हे. दादरा. अण्णांच्या बँडचा तालीमवजा सराव मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या मागे एका गोदामात चालायचा. एका बाजूला तानपुरे घासून गुळगुळीत होत असायचे, दुसऱ्या बाजूला साइड ड्रम. मी तिथे पोत्यावर बसून गृहपाठ करायचे. वरातीत नाचाची गाणी संपली, नवरी निघायची वेळ आली की बँडमास्टर खूण करायचा आणि हा ठेका सुरू व्हायचा. माझ्या कानात तो निरोपाचा ठेका म्हणून बसलाय. साहनीची गाणी मला आनंदी असतानाही का रडवतात, ते मला त्या पेटीशेजारी उभं राहून कळलं.

मग कीबोर्डवरचा एक हात थांबला आणि त्याने ट्रम्पेट उचलला. अण्णा उठून उभे राहिले. पूर्ण कार्यक्रमात पुन्हा बसले नाहीत. त्यांची टिप्पणी मी जशीच्या तशी देते, कारण या कार्यक्रमाचं याहून जाणकार परीक्षण मला लिहिता येणार नाही.

“गाल फुगवत न्हाई. शिकलेला हाय.”

“ही ओळ दोन श्वासांत घेतली त्यानं. एकात बसती.”

“गार हवेत सूर उतरतोय, बघ. आता नळी आत घेईल... घेतली.”

ही शेवटची गोष्ट मला माहीत होती, पण उलट बाजूने. मे महिन्याच्या दुपारी पितळ तापलं, आतली हवा तापली की ट्रम्पेट चढतो. अण्णा चालता चालता स्लाइड, म्हणजे ट्रम्पेटची सरकती नळी, बोटभर बाहेर ओढायचे. थंडीत सूर उतरतो, तेव्हा स्लाइड आत. मंचावरच्या त्या मुलाने दोन गाण्यांच्या मध्ये नेमकं तेच केलं. शेकडो लोकांत ते एका माणसाने पाहिलं असेल.

रेकॉर्डवर आणि समोर, या दोन ठिकाणी हा बँड वेगळा वागतो. ‘बेटा’ अल्बममध्ये सगळं घासूनपुसून ठेवलंय. समोर कडा राहतात. एखादा सूर थोडा खरवडतो, करण सिंगचे ड्रम्स गाण्याला पुढे ढकलतात, आणि अल्बमच्या मध्यावर मला सैल वाटलेली गाणी इथे अंग धरतात. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ घरी ऐकताना मी दोनदा पुढे ढकललं होतं. इथे ते संपू नये असं वाटलं. साहनी फार बोलत नाही. दोन-चार शब्द, एखादं हसू, पुढचं गाणं. मला ते आवडतं. मंचावरून सतत ‘आवाज येऊ दे’ ओरडणाऱ्यांपुढे हा माणूस गाण्यावर विश्वास ठेवून गप्प उभा राहतो.

शेवटाकडे एक जुनं गाणं आलं. ट्रम्पेटची ओळ सुरू झाली आणि लोक गायला लागले. शब्द नव्हतेच, लोक ट्रम्पेट गात होते. सगळं सभागृह ‘पा पा पाऽ’ करत ती ओळ वाजवणाऱ्याला परत देत होतं, आणि तो थांबून ऐकत होता. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

रिक्षात बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्याकडं लोक नाचायचे. लई नाचायचे. पण आमचं वाजवणं असं कुणी तोंडानं म्हटलं न्हाई कधी.”

त्यानंतर मी मिरजेला गेले की नवीन काहीतरी घेऊन जाते. ब्लडीवूड या मेटल बँडचा २०२५ मधला ‘नू डेल्ही’ ऐकवला. मेटलच्या गिटारींमध्ये ढोल इतका भक्कम बसतो की अण्णा दोन गाणी ऐकून म्हणाले, “ढोलवाल्याला पुढं घेतलंय, बरं केलंय.” मला त्यातला जयंत भदुलाचा आवाज आणि राऊल करचं रॅप यांची जुगलबंदी फार आवडते, पण सलग पूर्ण अल्बम ऐकायला ताकद लागते. तो गाडी चालवताना किंवा फरशी पुसताना लावावा. क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ अण्णांना आधीच माहीत होतं, गल्लीतल्या गणपतीत वाजलं होतं. मराठी शब्दांवर हाऊस या क्लबातल्या नाचाच्या संगीताचा ठेका, आणि ते स्पिनिनसारख्या डच लेबलवरून निघालं याचा मला अभिमान आहे. साहनीचाच ‘लिफाफा’ नावाने एकट्याचा उद्योग आहे, त्यातला २०१९ चा ‘जागो’ हिंदीत आहे आणि सगळा इलेक्ट्रॉनिक. तो अण्णांना आवडला नाही. “माणूस कुठं हाय यात?” म्हणाले. मला मात्र त्यात माणूस दिसतो, उकाड्यात गच्चीवर एकटा पडलेला. यावर आमचं अजून एकमत नाही.

‘बेटा’ आता मिरजेच्या घरातही वाजतो. मी पेनड्राइव्हवर भरून दिलाय. दुपारी चहाच्या वेळी अण्णा मशीनचा तो संगीताचा प्रोग्रॅम लावतात आणि पहिलं गाणं सुरू करतात. आई सांगते, हल्ली पेटीतून नुसता माऊथपीस काढतात आणि ओठांना लावून बसतात. वाजत नाही काही, नुसती हवा जाते, पण बोटं हवेतल्या पिस्टनांवर चालू असतात. ती ओळ त्यांनी सरगममध्ये एका वहीत लिहून काढलीय. श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल पेनने खूण केलीय, आणि खूण एकच आहे.

गेल्या आठवड्यात फोन आला. हे दिल्लीवाले परत कधी येणार, असं विचारत होते. आले की तिकिटं काढ म्हणाले, आणि या खेपेला आपण मंचाच्या उजव्या अंगाला उभं राहायचं, म्हणजे त्यांचा चांगला कान ट्रम्पेटकडे येईल.